एटीआरवर राहायचं का जेटवर उडी मारायची, ठरवायचं कसं

दर दोनचार महिन्यांनी कुणीतरी ज्युनिअर मेसेज करतो, मॅम जेटची व्हेकन्सी आलीय, टाकू का अर्ज? प्रत्येकाला तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी सांगलीची, एटीआर 72 या साधारण सत्तर सीटच्या विमानावर आधी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) होते आता कॅप्टन आहे, म्हणजे आमच्या मावशीच्या भाषेत पंख्याचं विमान चालवते. मावशीला अजून वाटतं पोरीचं काहीतरी चुकलंय म्हणून मोठं विमान देत नाहीयेत.

तर पहिलं काम, या मावशीला डोक्यातून बाहेर काढा. हसू नका, निम्मे अर्ज मावशीसाठीच जातात. बॅचमेटने एअरबसच्या कॉकपिटमधला फोटो स्टेटसला टाकला, लग्नाच्या स्थळाकडून कुणीतरी विचारलं "म्हणजे छोटं विमान का?", की त्याच रात्री आपला बायोडेटा अपडेट होतो. असा अर्ज टाकायचाच असेल तर पुढची सुट्टी झाल्यावर टाका, झोप झालेली असते.

दुसरं, एक साधी वही घ्या आणि तीन महिन्यांची रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, त्यात उतरवा. लॉगबुक नव्हे हं, लॉगबुकात फक्त उडल्याचे तास दिसतात. वहीत लिहा पिकअप किती वाजता आला, सेक्टर (म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर एक उड्डाण) किती, ड्युटी किती तास आणि त्यातलं उडणं किती, रात्र स्वतःच्या अंथरुणात गेली का हॉटेलात. शेवटच्या रकान्यात फक्त हो किंवा नाही, शेवटचं लँडिंग झाल्यावर अजून एक सेक्टर आवडीने केला असता का? हा रकाना त्याच दिवशी भरायचा, दोन दिवसांनी भरला की खोटं लिहिलं जातं.

आता यातून दिसतं काय ते सांगते. आमचा नेहमीचा दिवस म्हणजे चार सेक्टर, प्रत्येकी तास-सव्वा तास. पहाटे साडेतीनला पिकअप, पाचला रिपोर्टिंग, दुपारी एक-दीडला मोकळे. आठ-साडेआठ तासांची ड्युटी आणि उडणं भरलं साडेचार तास. जेटवाला मुंबई-दिल्ली-मुंबई करतो, त्याचेही साधारण तेवढेच तास होतात, पण लँडिंग दोन आणि आपली चार. ठरावीक तासांच्या वरचे पैसे बहुतेक ठिकाणी उडल्याच्या तासांवर मिळतात, त्यामुळे दमणूक आपली जास्त आणि मीटर तेवढाच पडतो. हे गणित कुणी आधी सांगत नाही आणि पोरांना वाटतं आपणच आळशी आहोत म्हणून दमतो.

त्यात एटीआरला एपीयू नाही, म्हणजे जमिनीवर असताना वीज आणि हवा देणारं शेपटीतलं छोटं इंजिन नसतंच. आपण उजवं इंजिन चालू ठेवून पंख्याला ब्रेक लावतो, त्याला हॉटेल मोड म्हणतात. नाव हॉटेल पण मे महिन्यात दुपारी कोल्हापूरला उभं राहून बघा, शर्ट पाठीला चिकटलेला, मागच्या दारातून प्रवासी चढताहेत, पुढे सामान लोड होतंय आणि पंचवीस मिनिटांत परत निघायचंय. माझं तर अजून वेगळंच, उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरले की सांगलीचं घर तासाभरावर, आईचा फोन येतो "आलीस का गं", आणि मी म्हणते आले आणि निघाले. सुट्टीला मात्र त्याच घरी जायला हैदराबादहून रात्रभर बस, कारण माझा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, हैदराबाद. जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास झाली हे चांगलंच झालं, पण त्यातले वीस तास बसमध्ये गेले तर उरलं काय? म्हणून रोस्टर बघताना सुट्टी किती याच्याइतकंच बेस कुठे हे बघा. माझ्या वहीत सगळ्यात जास्त "नाही" बेसमुळे निघाले, विमानामुळे नाही. विमान बदलून बेस तोच राहणार असेल तर काय बदललं सांगा बरं.

आणि "हो" कधी निघाले तेही सांगते, नाहीतर नुसतंच रडगाणं होईल. ऑटोथ्रॉटल नाही, पॉवर हातानेच सांभाळायची. जेट ज्या ढगांच्या वरून पस्तीस हजार फुटांवरून जातं त्या ढगांतूनच आपण सतरा-अठरा हजारावरून वाट काढतो. जुलैत घाटावरून येताना रडारवर लाल ठिपके, उजवीकडून वळसा घालून खाली आलो, ढग फाटला आणि समोर ओली धावपट्टी, तेव्हा वहीत मी "हो" लिहून खाली दोन रेघा मारल्यात. ज्याला असल्या दिवसाची नुसती कटकट वाटते त्याने जेटवर जावं, त्यात कमीपणा नाही. पण ज्याला हेच आवडतं तो लांब सेक्टरवर कंटाळतो, माझ्या ओळखीचे दोघं असे कंटाळलेत.

तिसरं, कागद. एटीपीएलला (कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन्स) 1500 तास लागतात हे सगळ्यांना पाठ असतं, त्यात 100 रात्रीचे लागतात हे मात्र उशिरा आठवतं. छोटे विमानतळ जास्त करून दिवसाचेच, त्यामुळे एकूण तास भरतात आणि रात्रीचे अडकून बसतात. तुमचे किती झालेत आजच मोजा, कमी असतील तर रोस्टरिंगला संध्याकाळचे सेक्टर मागून घ्या. परदेशात जायचं डोक्यात असेल तर तिथल्या जाहिराती नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी जेटचे तास किंवा अमुक टनांवरच्या विमानाचे तास मागतात. एटीआर 72 चं कमाल वजन साधारण 23 टन, एअरबस 320 चं 78 च्या आसपास. कॅप्टन म्हणून दोन हजार तास असले तरी त्या एका ओळीवर फॉर्म बाद होतो. पण हेही खरं की एटीआरवर कमांड (कॅप्टनपद) बहुधा लवकर मिळते आणि जेटवर दुसऱ्या कंपनीत गेलात की खांद्यावरच्या चार पट्ट्यांचे तीन होतात, म्हणजे कॅप्टनचा परत फर्स्ट ऑफिसर, सिनिऑरिटी शून्यापासून. हे सहन होणार आहे का ते आरशासमोर उभं राहून विचारा. इंडिगोसारख्या एटीआर आणि एअरबस दोन्ही ताफे असणाऱ्या कंपनीत असाल तर आतल्या आत बदलीचा नियम काय, सिनिऑरिटी धरतात का, हे तोंडी नको, मेलवर विचारा. अमेरिकेत काही रीजनल कंपन्यांतून मोठ्या कंपनीत जायचा ठरलेला रस्ता असतो, आपल्याकडे ज्याचा त्याने शोधायचा.

बॉण्डची (ठरावीक मुदतीआधी सोडलं तर कंपनीला पैसे भरायचा करार) रक्कम आणि महिने परत वाचा, सही करताना कुणीच वाचलेलं नसतं (मी पण नाही). आणि नोटीस पिरियड, 2017 च्या डीजीसीए (सरकारी विमान वाहतूक नियामक) नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. म्हणजे आज कंटाळून राजीनामा दिला तरी पुढचा गणपती याच युनिफॉर्ममध्ये. नवीन कंपनीचं ऑफर लेटर हातात आणि जॉइनिंगची तारीख लेखी असल्याशिवाय काहीही पाठवू नका.

कंपनीची तब्येतही बघायची. उडान या छोटी शहरं जोडणाऱ्या सरकारी योजनेच्या रूटला सरकारी मदत तीन वर्षांसाठी असते, ती संपली की रूट स्वतःच्या पायावर उभा राहतो किंवा बंद पडतो. ट्रूजेट नांदेड, जळगावला एटीआरच उडवायची, 2022 मध्ये थांबली. आणि मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित असंही नाही, जेट एअरवेज 2019 ला बसली तेव्हा मोठी विमानं चालवणारेही घरीच बसले होते. तुमच्या महिन्यातले किती सेक्टर मदतीवर चाललेत आणि ती मुदत कधी संपते, ऑपरेशन्समध्ये चहा पिताना विचारलंत तर बहुतेक वेळा कळतं. लॉस ऑफ लायसन्स विमा (तब्येतीमुळे लायसन्स गेलं तर पैसे देणारा) कुठेही असलात तरी काढा.

माझं विचाराल तर मी वही भरून बेस बदलायचा अर्ज दिलाय, विमानाचा नाही. उत्तर अजून आलेलं नाही. मावशीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे पंखाच का परत?