सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी

लुगडी वर्षानुवर्षं एकाच घडीत कपाटात राहिली की घडीवरच विरतात. सासूबाईंचं एक हिरवं लुगडं असंच हातात फाटलं, तेव्हा उरलेल्या दोन लुगड्यांची मी गोधडी करायला घेतली.

लुगडं सुतीच हवं. काठाचा एक धागा ओढून काडी लावा. राख झाली तर सुती, गोळा झाला तर पॉलिस्टर. ठाण्याच्या उकाड्यात पॉलिस्टर अंगावर घेववत नाही.

नऊवारी म्हणजे २७ फूट. चौपदरी केलं की लांबी पावणेसात फूट, रुंदी साधारण पावणेचार. एका माणसाला पुरे. दुसऱ्या लुगड्यातले धड असलेले दोन तुकडे काढायचे, एक वर, एक खाली. झाले सहा थर. याहून जास्त घातलेत तर सुई ओढताना बोटं भरून येतात. विरलेला भाग आतल्या थरांत जाऊ दे.

माझी पहिली गोधडी फसली होती. वरच्या बाजूला जांभळी नाक्यावरून आणलेलं कोरं लाल कापड लावलं, तेही न धुता. पहिल्याच धुण्यात ते आटलं, सगळी गोधडी गोळा झाली, आणि लाल रंग खालच्या लुगड्यावर उतरला तो उतरलाच. कोरं कापड घ्यायचंच तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

आता पलंग सरकवा आणि लादीवर थर अंथरा. कोपऱ्यांवर वरवंटा, कुकर, जे जड सापडेल ते ठेवा. मधून कडांकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतराने कच्चे टाके घाला. इथे आळस केलात तर पुढे कापड सरकतं.

पक्का धावदोरा कडेपासून सुरू करायचा आणि चौकात चौक घेत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा सुती, दुहेरी, मेणबत्तीवर घासलेला. डावा हात गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक बोटाला टोचलं की समजायचं, खालचा थर धरला गेला. म्हणून त्या बोटाला अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) नको, उजव्या हाताला हवं. टाका तांदळाएवढा.

एका कोपऱ्यात मी सासऱ्यांच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या निळ्या शर्टाचं ठिगळ लावलं, खिशासकट. खिशावर तेलाचा डाग आहे. नातू त्यात गोट्या ठेवतो.

रोज दुपारी तासभर बसले, दोन महिने लागले. शेवटी कच्चे टाके उसवून लुगड्याचेच काठ कडेला गोट म्हणून लावले.

धुणं मशीनमध्ये नको, टबात पायाने तुडवा. भिजल्यावर एकटीला उचलत नाही, पिळायला दुसरं माणूस घ्या. हे काम मे महिन्यातच उरका. पावसाळ्यात ती वाळत नाही आणि कुबट वास धरते. ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला.