कॅलिफोर्नियाच्या शाळेत स्पीच थेरपिस्ट आहात? प्रिलिमिनरीवरून क्लिअर क्रेडेन्शियल असं मिळवा

प्रिलिमिनरी क्रेडेन्शियल म्हणजे शाळेत काम करायचा तात्पुरता परवाना 2 वर्षांचाच असतो, त्यामुळे नोकरी लागल्या लागल्याच क्लिअरच्या, म्हणजे पक्क्या परवान्याच्या मागे लागा. मास्टर्स तर हवंच, डिग्री भारतातली असेल तर ट्रान्सक्रिप्टचं इव्हॅल्युएशन आधी करून घ्या. मग प्रॅक्सिस या अमेरिकन परीक्षांपैकी स्पीच थेरपीची 5331 नंबरची परीक्षा, पास व्हायला 162 गुण लागतात, कॉलेजचा अभ्यास ताजा असतानाच देऊन टाका.

खरं काम म्हणजे मेंटॉरच्या देखरेखीखाली 36 आठवडे फुलटाइम. दर शुक्रवारी तास लिहून लगेच सही घ्या, शेवटी एकदम करू म्हटलं की जूनमध्ये मेंटॉर दुसऱ्या शाळेत गेलेली असते आणि आपण ईमेल करत बसतो. आणि तिला नुसती सहीपुरती ठेवू नका हो, थेरपीत शेजारी बसवा, 'र' न जमणारं सात वर्षांचं पोरगं जीभ नेमकी कुठे नेतंय हे तिला पटकन दिसतं, मला ते बघायला तिनेच शिकवलं. मेंटॉर आशाच्या (ASHA, स्पीच थेरपिस्टांची अमेरिकन संघटना) नियमात बसत असेल तर हाच काळ त्यांच्या सीसीसी या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठीही धरता येतो, फक्त तिथे किमान 1,260 तास भरावे लागतात. सगळं जमलं की अर्ज टीचर क्रेडेन्शियलिंग कमिशनकडे, मुदत संपायच्या बरंच आधी.