आधी गाडीचा महिना शोधा

"जपानला येऊन जुन्या गाड्यांचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारी दोन-तीन मुलं तरी दर महिन्याला मला फोन करतात. बहुतेक पुण्या-कोल्हापूरकडची, डिप्लोमा झालेली, मनापासून गाड्यांवर प्रेम असलेली. प्रत्येकाला तेच सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

मी स्वतः कोल्हापूरचा. उद्यमनगरात काकांचा लेथ होता; मायक्रोमीटर धरायला मी शाळेत असतानाच शिकलो. पुढे ऑटोमोबाईलचा डिप्लोमा, पुण्यात जपानी भाषा, मग जपानमधलं दोन वर्षांचं मेकॅनिकचं शिक्षण आणि तिथली मेकॅनिकची द्वितीय श्रेणीची परीक्षा. आता टोकियोशेजारच्या कानागावातल्या एका सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती निस्सानची एस३०, म्हणजे पहिली फेअरलेडी झेड. ही १९६९ साली बाजारात आली आणि अमेरिकेत डॅटसन २४०झेड या नावानं विकली गेली. तिथल्या गाडीत एल२४ इंजिन, २,३९३ सीसी, एका ओळीत सहा सिलिंडर. १९७३ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली शेखर मेहतांनी २४०झेडमधूनच जिंकली होती. भारतीय वंशाच्या माणसाचं नाव या गाडीशी जोडलेलं आहे हे कळलं, त्या दिवशी मी घरी फोन करून काकांना सांगितलं होतं.

या धंद्यात दोन शब्द रोज कानावर पडतात. 'जुन्सेई' म्हणजे कंपनीचा अस्सल भाग. 'तोजिमोनो' म्हणजे त्या काळचा भाग, मग तो गाडीच्या कंपनीचा नसला तरी चालेल. त्या वेळच्या एखाद्या तरुणानं पगारातून पैसे साठवून झेडला आठ आऱ्यांची वातानाबे चाकं किंवा तीन मिकुनी-सोलेक्स कार्बोरेटर बसवले असतील, तर ते तोजिमोनो. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण गिऱ्हाइकाला नेमकी कोणती हवी, हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्यावं लागतं. अर्धं हे अर्धं ते केलेली गाडी जाणकाराच्या डोळ्याला लगेच खुपते.

म्हणूनच पाना हातात घेण्याआधी गाडीचा महिना शोधा, म्हणजे ती कारखान्यात बनली तो महिना. वर्ष पुरत नाही. आमच्याकडे कॅलिफोर्नियाहून परत आलेली एक डाव्या स्टिअरिंगची नारिंगी २४०झेड आली होती. दाराच्या खांबावरच्या पाटीवर ऑगस्ट १९७० असा महिना होता. त्या काळातल्या गाडीला मागच्या झाकणावर, काचेच्या खाली, हवा बाहेर जायला दोन जाळ्या असतात आणि मागच्या खांबावर '२४०झेड' अशी अक्षरं असतात. १९७१च्या सुरुवातीला झाकणावरच्या जाळ्या गेल्या आणि हवेची वाट खांबावरच्या गोल 'झेड' बिल्ल्यातून काढली गेली. आमच्या गाडीच्या खांबावर अक्षरं होती, पण झाकणावर जाळ्या नव्हत्या. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

मी हे शाचोंना सांगितलं. शाचो म्हणजे मालक. इथे नावानं हाक मारत नाहीत. ते पंच्याहत्तरीचे आहेत. म्हणाले, "मग आता स्पेअर चाकाच्या खड्ड्याकडे बघ." लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. एका बाजूला वीतभर जागेत तो चिकटेचना. आत जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. कधीतरी गाडीला मागून ठोकर बसली होती आणि कुणीतरी नंतरच्या गाडीचं झाकण लावून ती विकली होती. जाळ्यांचं झाकण मिळायला आम्हाला सात महिने लागले, तोवर बाकीचं काम चाललं होतं. महिना पाहिला नसता, तर त्या लांबीवरच नवा रंग चढला असता.

आता नट-बोल्ट. या विषयावर मी तासभर बोलू शकतो.

पहिल्या आठवड्यात मी एका गाडीचे गंजलेले बोल्ट काढून सरळ कचऱ्यात टाकले आणि हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत नवे आणले. संध्याकाळी शाचोंनी माझ्या हातात १३चा पाना पाहिला आणि काही न बोलता कचऱ्याची बादली टेबलावर उपडी केली. जपानी गाड्यांमध्ये ८ मिमी बोल्टचं डोकं १२चं असतं आणि १० मिमी बोल्टचं १४चं. दुकानातल्या साध्या बोल्टची डोकी १३ आणि १७ची. १० मिमीच्या बोल्टचे आटेसुद्धा वेगळे. गाडीत पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमीचा, दुकानातल्या साध्या बोल्टचा १.५. जबरदस्तीनं फिरवला तर समोरचे आटे गेलेच. जुन्या बोल्टच्या डोक्यावर ४ किंवा ७ असा आकडा उठवलेला असतो, तो त्याच्या मजबुतीचा. "मोत्ताइनाई" एवढा एकच शब्द शाचो त्या दिवशी बोलले. चांगली वस्तू वाया घालवलीस, असा त्याचा अर्थ. आम्ही दोघांनी बसून एकेक बोल्ट वेचून काढला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बोल्ट काढला की झिपच्या पिशवीत टाकतो, पिशवीवर जागा लिहितो आणि फोटो घेतो. मग गंज उतरवून पुन्हा मुलामा. इंजिनच्या भागातले बरेच बोल्ट आणि ब्रॅकेट मुळात पिवळ्या क्रोमेटचे होते, त्यात इंद्रधनुष्यासारखी झाक असते. हल्ली पर्यावरणाच्या नियमांमुळे मुलाम्याचं रसायन बदललंय आणि रंग फिका येतो. म्हणून आधी दोन-चार बोल्टांचा नमुना करून घ्या आणि मगच पूर्ण पेटी द्या. एक गोष्ट जिवाची आहे. आम्ल आणि मुलाम्याच्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक बोल्ट ठिसूळ होतो. तसे बोल्ट मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवावे लागतात. इंजिनच्या आतल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तर मुलाम्याला द्यायचेच नाहीत.

स्क्रू-ड्रायव्हरचंही तसंच. जपानी चौफुलीचा स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचा असतो. भारतातून आणलेला फिलिप्स मापाचा स्क्रू-ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की उसळून वर येतो आणि डोकं खराब करतो. कार्बोरेटरचे पन्नास वर्षांचे स्क्रू असे बिघडवले तर तसेच परत मिळणं कठीण. पहिल्या पगारात जेआयएस स्क्रू-ड्रायव्हरचा चांगला संच घ्या.

पत्र्याचं काम हा खरा अवघड भाग. झेड कुठे गंजते ते ठरलेलं आहे. बॅटरीच्या ट्रेखाली, पायाखालचा पत्रा आणि त्याखालचे रेल, काचेपुढच्या जाळीखाली, दाराखालची पट्टी, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा. वरून फुगा दिसला तर आत त्याच्या चौपट गंज समजा. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ, त्यामुळे सलग वेल्डिंग केलं की तो लाटेसारखा वाकतो. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं. आपल्याकडच्या चांगल्या डेंटरकडे सहा महिने उमेदवारी करून आलात, तर इथे दोन वर्षं वाचतील. मी ते केलं नव्हतं आणि त्याची किंमत मला पहिल्या वर्षभर रोज मोजावी लागली.

रबराच्या बाबतीत तडजोड करावी लागते. दाराचं नवं रबर बऱ्याचदा जास्त जाड निघतं आणि दार आपटावं लागतं. अमेरिकेतले झेडवाले १९९०च्या दशकातल्या किआ स्पोर्टेजचं दार-रबर बसवतात; ते तोजिमोनो नाही, पण दार मऊ मिटतं. माझं मत असं, की जे डोळ्याला दिसतं ते त्या काळचं हवं आणि जे लपलेलं आहे ते पाणी अडवणारं हवं. शाचोंना हे पटत नाही.

पहिला प्रकल्प म्हणून झेड किंवा निस्सानचीच स्कायलाइन जीटी-आर घेऊ नका. पार्ट महाग, एक चूक लाखांची. माझदा रोडस्टरची पहिली पिढी घ्या, १९८९ सालची. माझदानं या गाडीसाठी २०१७मध्ये पुनर्बांधणीची सेवा जाहीर केली आणि नार्दीचं लाकडी स्टिअरिंग, छताचं कापड, मूळ मापाचा ब्रिजस्टोन टायर असे भाग पुन्हा बनवले. निस्सानही २०१७ पासून आर३२ पिढीच्या जीटी-आरचे बंद झालेले भाग काढते आहे. टोयोटानं २०२० साली सुप्रा आणि २०००जीटीचे काही भाग पुन्हा आणले. बाकी सगळं भंगारवाल्यांकडे, म्हणजे 'काइताइया'कडे आणि लिलावांत शोधायचं. त्यासाठी पार्ट नंबर वाचता यायला हवा. निस्सानच्या नंबरात दहा अक्षरं असतात. पहिली पाच भाग कोणता ते सांगतात, पुढची पाच त्याचा प्रकार. १५२०८नं सुरू होणारा नंबर दिसला की तो ऑइल फिल्टर. असे तीस-चाळीस सुरुवातीचे आकडे पाठ केलेत, की खोक्यांच्या ढिगाऱ्यात हात बरोबर जातो.

इथे यायचे रस्ते दोन. एक माझा, दोन वर्षांच्या व्यवसाय-शाळेचा. खर्च जास्त, पण द्वितीय श्रेणीची परीक्षा देता येते. दुसरा कुशल कामगाराच्या व्हिसाचा, 'तोकुतेई गिनो', ज्यात वाहनदुरुस्ती हे क्षेत्र आहे आणि भारताचा जपानशी त्यासाठी २०२१ साली करार झालेला आहे. त्याला कामाची परीक्षा आणि साधारण एन४ पातळीची जपानी भाषा लागते (जपानी भाषेच्या परीक्षेत एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड). पण एन४वर वर्कशॉप चालत नाही. मॅन्युअल जपानीत, भंगारवाल्याशी फोन जपानीत, आणि जुने कारागीर अर्धं वाक्य तोंडातच ठेवतात. एन३ करून या. आणि लगेच जुन्या गाड्यांचंच काम मिळेल असं धरू नका; मी आधी अडीच वर्षं नव्या गाड्यांचं ऑइल बदलत होतो आणि रविवारी या वर्कशॉपमध्ये झाडू मारायला येत होतो.

फेब्रुवारीत जपानमध्ये असाल, तर योकोहामाच्या पॅसिफिकोत भरणारं 'नॉस्टॅल्जिक टू डेज' चुकवू नका. वही आणि लहान टॉर्च बरोबर ठेवा. बॉनेट उघडं असलेली झेड दिसली की मालकाला वाकून नमस्कार करा, महिना विचारा, आणि मग ब्रॅकेटांचा रंग, बोल्टांवरचे आकडे, होजचे क्लॅम्प सगळं टिपून घ्या. दोन दिवसांत वही भरली नाही, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या गाडीकडे परत जा.