लॉगबुक म्हणजे आरसी बुक नव्हे: ब्रिटनमध्ये ऑनलाइन गाडी घेताना आणि विकताना

आपल्याकडे जुनी गाडी घेताना पहिली चौकशी होते ती आरसी बुकाची. त्यावर मालकाचे नाव असते, कर्ज असेल तर बँकेचा बोजा नोंदलेला असतो, आणि बँकेची एनओसी आणून तो उतरवल्याशिवाय गाडी नीट नावावर होत नाही. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ब्रिटनमध्ये नव्याने आलेला आपला माणूस, विक्रेत्याने ‘व्ही-५-सी’, म्हणजे इथल्या बोलण्यातले लॉगबुक, पुढे केले की निश्चिंत होतो. माझ्या ओळखीतले जे लोक फसले, त्यांतले बरेच नेमके इथेच फसले.

लॉगबुकवर नाव असते ते ‘रजिस्टर्ड कीपर’चे, म्हणजे गाडी ज्याच्या ताब्यात आहे आणि तिच्या कराची व दंडाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचे. हा कागद मालकीचा पुरावा नाही, आणि गाडीवर कर्ज आहे की नाही हे तो सांगत नाही. त्यामुळे हप्ते थकलेली गाडीसुद्धा अगदी खऱ्या लॉगबुकासह विकायला येऊ शकते. अजाणतेपणी अशी गाडी घेतलेल्या खासगी ग्राहकाला १९६४ च्या हायर पर्चेस कायद्याने काही संरक्षण दिलेले आहे, परंतु ते सर्व प्रकारच्या कर्जांना लागू होत नाही, आणि गाडी चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जाते व तुमचे पैसे बुडतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी नंबर प्लेटवरून गाडीची सशुल्क इतिहास तपासणी करून घ्यावी. दहा-वीस पौंडांत गाडीवरचे कर्ज, चोरीची नोंद आणि अपघातानंतर विमा कंपनीने ती ‘कॅट एस’ (सांगाड्याला इजा झालेली) किंवा ‘कॅट एन’ (सांगाड्याला इजा नसलेली) म्हणून मोडीत काढली होती का, हे कळते.

दुसरी तपासणी मोफत आहे. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की दरवर्षीच्या एमओटी चाचणीचा (गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का, याच्या सक्तीच्या तपासणीचा) निकाल, त्या वेळचे मैल आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना दिसतात. एका वर्षी नव्वद हजार आणि पुढच्या वर्षी साठ हजार मैल दिसले, तर बहुधा मीटर मागे फिरवलेला असतो. नवीन गाडीला पहिली एमओटी साधारण तीन वर्षे झाल्यावर लागते, त्यामुळे त्याहून नव्या गाडीसाठी हा आधार मिळत नाही. तिथे सर्व्हिसिंगच्या पावत्या मागाव्यात.

गाडी पाहायला दिवसाउजेडी जावे, आणि लॉगबुकवर जो पत्ता आहे त्याच घरी जावे. पेट्रोल पंपावर किंवा सुपरमार्केटच्या वाहनतळावर भेटण्याचा आग्रह धरणाऱ्याचा नाद सोडून द्यावा. समोरच्या काचेखाली आणि दाराच्या चौकटीपाशी असणारा चॅसिस नंबर कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून पाहावा. विक्रेता खरोखर खासगी आहे का, हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. फोनवर केवळ ‘गाडीच्या जाहिरातीसंबंधी बोलायचे आहे’ एवढेच म्हणावे; त्याने ‘कोणती गाडी?’ असे विचारले, तर तो बहुधा व्यापारी असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी ३० दिवसांत परत करण्याचा जो हक्क दिला आहे तो व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला लागू आहे, खासगी व्यवहाराला नाही.

सर्वांत मोठा धोका विसाराचा आहे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला, मुलांची शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त गाडी दिसली. विक्रेता मराठी बोलत होता, नोकरी संपवून भारतात परतण्याच्या घाईत होता, गाडी दुसऱ्या गावी भावाकडे होती आणि ‘आणखी दोघे मागे लागले आहेत’ म्हणून त्याला पाचशे पौंड लगेच हवे होते. पैसे गेले आणि फोन बंद झाला. त्यांचा भोळेपणा काढणाऱ्यांचा मला राग येतो. परक्या देशात आपली भाषा कानावर पडली की मन सैल होतेच. तरीही गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नये. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी असा नियम आहे, पण अपेक्षेपेक्षा खराब निघालेल्या गाडीला तो लागू होत नाही. पैसे गेल्याचे लक्षात येताच १५९ या क्रमांकावर फोन करून आपल्या बँकेशी बोलावे.

व्यवहार ठरला तरी लगेच गाडी घेऊन निघू नये. इथे आधीच्या कीपरने भरलेला कर गाडीसोबत येत नाही आणि त्याचा विमाही तुमच्या उपयोगाचा नसतो, त्यामुळे दोन्ही तिथेच, फोनवरून, स्वतःच्या नावाने घ्यावे लागतात. समाजमाध्यमांवर अर्ध्या किमतीत विमा काढून देणारे ‘एजंट’ बनावट पॉलिसी देतात, आणि पोलिसांनी अडवल्यावर विनाविमा गाडी चालवल्याचा गुन्हा तुमच्यावर नोंदला जातो.

विकताना सावधगिरी वेगळी लागते. जाहिरातीत लॉगबुकचा फोटो टाकू नये. गाडी पाहायला दोघे-तिघे आले, तर बॉनेट उघडे ठेवून त्यांना गाडीपाशी एकटे सोडू नये: एक जण तुम्हाला बोलण्यात गुंतवतो, दुसरा कूलंटच्या टाकीत तेल ओततो, आणि मग ‘इंजिन गेले आहे’ असे दाखवून गाडी निम्म्या किमतीत मागतात. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट किंवा ईमेल ग्राह्य धरू नये. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा झालेली दिसल्यावरच किल्ली हातात द्यावी. त्यानंतर ग्राहक समोर असतानाच डीव्हीएलए या वाहननोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर विक्रीची नोंद करावी आणि लॉगबुकमधील नव्या कीपरची हिरवी चिठ्ठी फाडून त्याच्याकडे द्यावी. ही नोंद राहून गेली, तर त्याने केलेल्या वेगमर्यादेच्या उल्लंघनाच्या नोटिसा तुमच्याच दारात येऊन पडतात.