समुद्रातून काढलेली लोखंडी तोफ कशी जतन करावी

समुद्रतळावरून वर काढलेली ओतीव लोखंडाची तोफ कधीही वाळू देऊ नये. लोखंडात मुरलेले क्लोराइड (समुद्राच्या मिठातील क्षार) हवा लागताच गंज वेगाने वाढवतात आणि वरवर भक्कम दिसणारा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून ती ओल्या कापडात गुंडाळून हलवावी आणि लगेच सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिक सोड्याच्या) साधारण २ टक्के द्रावणात बुडवावी. नळीत जुनी दारू व गोळा असू शकतो, त्यामुळे तज्ज्ञाने तपासल्याशिवाय आत काहीही खुपसू नये.

त्यानंतर तोफ वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाला व भोवतालची पोलादी जाळी धन टोकाला जोडून अगदी कमी प्रवाह सोडावा; त्याने क्लोराइड लोखंडातून द्रावणात उतरतात. द्रावणातील क्लोराइड वेळोवेळी मोजावे आणि ते वाढले की द्रावण बदलावे. इथे घाई करणारा हमखास फसतो: १८६२ मध्ये बुडालेल्या ‘मॉनिटर’ या अमेरिकी युद्धनौकेचा फिरता तोफबुरूज २००२ मध्ये वर काढला, तरी त्यावरील प्रक्रिया दोन दशकांनंतरही चालूच होती.

क्लोराइड नगण्य झाल्यावर तोफ स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, टॅनिक आम्लाचा थर देऊन त्यावर मेणाचा लेप चढवावा. रंग मात्र टाळलेला बरा, कारण त्याखाली सुरू झालेला गंज वेळीच दिसत नाही.