१२ए कार्ट्रिज भरल्यावर येणारी उभी काळी रेघ : माझा अनुभव

इंदुरात आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये टोनर (लेझर प्रिंटरची काळी पावडर), ड्रम (कागदावर छपाई उमटवणारा दंडगोल), ब्लेड सगळं सुटं मिळतं. तरीही घरी भरलेल्या १२ए कार्ट्रिजमधून (एचपी लेझर प्रिंटरचा टोनरचा डबा) कागदभर उभी काळी रेघ आली. नवी पावडर भरली, पण वाया गेलेल्या पावडरीचा कप्पा रिकामा केलाच नव्हता. बहुतेकांची चूक हीच.

वाइपर ब्लेड ड्रमवरची उरलेली पावडर खरवडून या कप्प्यात टाकते. तो गच्च भरला की पावडर ब्लेडखालून निसटते आणि कागदावर उतरते.

दोन्ही बाजूंच्या पिना काढून कार्ट्रिजचे दोन भाग सुटे केले. ड्रम लगेच काळ्या कागदात गुंडाळला, कारण उजेडाने तो खराब होतो. चार्ज रोलर (ड्रमला विद्युतभार देणारा रूळ) उचलला, ब्लेडचे दोन स्क्रू काढले आणि कप्पा पूर्ण झटकला. ही पावडर परत वापरू नका, तिच्यात कागदाचा भुसा असतो. ब्लेडची धार बोटाने तपासली. खाच होती, म्हणून बदलली. बसवताना नव्या धारेवर आणि ड्रमवर झिंक स्टिअरेटची (घर्षण कमी करणारी) पूड लावलीच पाहिजे. कोरड्या ड्रमवर ब्लेड उलटी वळते आणि सगळी मेहनत वाया जाते. मग १०० ग्रॅम टोनर, त्याहून जास्त नाही.

रेघेऐवजी दर सुमारे ७५ मिमी अंतरावर पुन्हापुन्हा डाग आला तर दोष ड्रमचा, दर ३८ मिमीवर आला तर चार्ज रोलरचा.

हात गार पाण्यानेच धुवा. बाद ड्रम इथल्या कचरागाडीतल्या ई-कचऱ्याच्या डब्यात जातो.