घरी लाकूड आणि लोखंड कापण्यासाठी यंत्र घेताना या चुका टाळा

घरच्या घरी पुस्तकांचे कपाट किंवा कुंड्यांचा लोखंडी स्टँड करू पाहणारी मंडळी सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: लाकूडही कापेल आणि लोखंडही कापेल, असे एकच स्वस्तातले यंत्र कोणते? पुढच्या बहुतेक चुका याच प्रश्नातून निघतात. खोक्यावरचे वॅट आणि किंमत पाहण्याआधी त्या यंत्राचे पाते मिनिटाला किती फेरे घेते आणि ते हातातून निसटले तर त्याला थांबवणारे काय आहे, हे दोन प्रश्न विचारायला हवेत.

सर्वांत घातक चूक म्हणजे चार इंची ग्राइंडरला, म्हणजे चकती वेगाने फिरवून धातू घासणाऱ्या-कापणाऱ्या हातयंत्राला, लाकडाचे दातेरी पाते लावणे. ही पाती हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात, सर्क्युलर सॉच्या (गोल पात्याच्या विजेवरच्या करवतीच्या) तुलनेत खर्च फारच कमी येतो आणि सुरुवातीला काम झपाट्याने होते. म्हणूनच नवशिक्यांना ती सोय वाटते. माझ्या भाच्यालाही तशीच वाटली. १९ मिलिमीटरच्या प्लायवुडमधून फळ्या काढण्यासाठी त्याने ११० मिलिमीटरचे, ४० दात्यांचे पाते आणले. ते १०० मिलिमीटरच्या ग्राइंडरच्या गार्डखाली (पाते झाकणाऱ्या संरक्षक कवचाखाली) बसेना, म्हणून त्याने गार्डच काढून टाकला. प्लायवुडची दोन्ही टोके दोन स्टुलांवर टेकवून त्याने मधोमध कापायला सुरुवात केली. पहिल्या दोन फळ्या उत्तम निघाल्या. तिसऱ्या वेळी काप अर्ध्यावर आला असताना प्लायवुड मध्ये खचले, कापाची फट मिटली, पाते चिमटले आणि यंत्र उसळून त्याच्या मांडीवर आले. सरकवायचे बटण अडकवून ठेवलेले असल्यामुळे जमिनीवर पडल्यावरही ग्राइंडर फिरतच राहिला. भाच्याला अकरा टाके पडले. जखम मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेली नाही, एवढेच आमचे नशीब.

या प्रसंगात त्याचा हात कच्चा होता हे खरे, पण मूळ दोष निवडीचा होता. ग्राइंडरची चकती बारीक कणांनी घासून कापते. दातेरी पाते मात्र लाकडात चावा घेते आणि अडकले की सगळा जोर उलट यंत्रावर येतो. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो आणि त्याला फळीवर टेकवायचा तळ नसतो, त्यामुळे पाते किंचित तिरके झाले तरी हाताला सावरायला वेळ मिळत नाही. सात इंची सर्क्युलर सॉ साधारण ५,००० ते ५,५०० फेरे घेते, तिला सपाट तळ असतो, खालचा गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटतो आणि बोट सोडताच वीज तुटते. अनेक सुतार मार्बल कटरने रोज प्लायवुड कापतात, हे मला ठाऊक आहे. परंतु त्यांचा हात वर्षानुवर्षे बसलेला असतो, आणि ते यंत्र मुळात दगड व फरशीसाठी केलेले असल्याने त्याला मिटणारा गार्ड नसतो. शिकणाऱ्याने त्यांचे अनुकरण करू नये, असे माझे ठाम मत आहे.

मी स्वतः प्लायवुड कधीच दोन टोकांवर ठेवून कापत नाही. जमिनीवर चार लाकडी पट्ट्या आडव्या टाकतो, त्यांवर प्लायवुडचा पूर्ण तक्ता पसरतो, आणि कापाच्या दोन्ही बाजूंना आधार येईल अशी मांडणी करतो. यात दहा मिनिटे जातात. ती वाचवण्याची घाई मला आजवर कोणाच्याही कामात फायद्याची ठरलेली दिसली नाही.

लोखंडाच्या बाबतीत उलटी चूक होते. लाकडाची सर्क्युलर सॉ चौकोनी पाइपावर चालवली, तर कार्बाइडचे (कठीण पण ठिसूळ) दाते उडून अंगावर येऊ शकतात. दातेरी पात्याने लोखंड कापायचे असेल तर वेग कमी हवा: त्यासाठीची बारा इंची यंत्रे साधारण १,३०० ते १,५०० फेऱ्यांवर चालतात, तर घासून कापणारे चौदा इंची कट-ऑफ यंत्र साधारण ३,८०० फेऱ्यांवर. म्हणून एकाच्या चकत्या किंवा पाती दुसऱ्याला लावू नयेत. ॲल्युमिनियमच्या खिडकीचे सेक्शन लोखंडाच्या साध्या चकतीने कापू नयेत. मऊ धातू कणांमध्ये बसतो आणि चकती कापण्याऐवजी तापत राहते.

घरी पहिलेच यंत्र घ्यायचे असेल, तर मी वेग कमी-जास्त करता येणारी जिगसॉ, म्हणजे अरुंद पाते वर-खाली हलवून कापणारी करवत, सुचवतो. तिचा काप सावकाश होतो आणि लांब काप सरळ येण्यासाठी पट्टीचा आधार घ्यावा लागतो, पण पाते बदलून तीच प्लायवुडही कापते आणि दोन-तीन मिलिमीटरचा पत्राही. मात्र पाते विचारपूर्वक निवडावे. धातूच्या जाडीत एका वेळी किमान दोन दाते टेकलेले असायला हवेत. मोठ्या दात्यांचे लाकडाचे पाते पातळ पत्र्यावर लावले, तर पत्रा दोन दात्यांच्या मध्ये शिरतो आणि दाते तुटतात. लोखंडासाठी मी वेग निम्म्याहून कमी ठेवतो आणि कापाच्या रेषेवर तेलाचे दोन थेंब सोडतो.

ज्या जागी लाकूड कापले तिथेच लगेच ग्राइंडर चालवणे ही आगीला आमंत्रण देणारी चूक आहे. भुशात पडलेली ठिणगी तासन् तास धुमसू शकते. मी लोखंडाचे काम उघड्या अंगणात करतो, आधी जमीन झाडून ओली करतो, आणि काम संपल्यावर तासभर तिथून हलत नाही.

कापायच्या पातळ चकतीने बाजूने घासू नये. ती त्या दाबासाठी केलेली नसते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते, ते पाहूनच ती विकत घ्यावी, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ती कोरड्या जागी सपाट ठेवावी. फिरत्या पात्याजवळ विणलेले सुती हातमोजे, ओढणी किंवा सैल बाही नको. डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा मात्र प्रत्येक वेळी हवा.

चौदा इंची कट-ऑफ यंत्र साधारण २,००० वॅटचे असते, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढते. घरातील लहान ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावू नये. अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेट लागते. एक्स्टेन्शनची वायर जाड असावी आणि गुंडाळी पूर्ण सोडलेली असावी, अन्यथा ती आतल्या आत तापते. आणि यंत्राचे पैसे देण्याआधी त्याच मापाची, त्याच भोकाची पाती आपल्या गावातल्या दुकानात मिळतात का, हे विचारून घ्यावे. ती मिळत नसली, की माणूस भलत्या मापाचे पाते भोक जुळवायची रिंग घालून बसवू लागतो.